भिंतीवरचा घास

कावळ्याला घास ठेवल्याशिवाय बाबा जेवायला बसत नाहीत. दुपारी एक, रात्री एक. पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात वरण-भाताची छोटी मूद, तूप लावलेला पोळीचा तुकडा आणि वर गुळाचा खडा. गूळ आईसाठी. तिला जेवण झाल्यावर गूळ तोंडात टाकल्याशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही. पोर्चच्या कडेच्या कंपाउंडच्या भिंतीवर तो द्रोण ठेवायचा, हात जोडून थोडा वेळ काहीतरी पुटपुटायचं, आत यायचं आणि मला म्हणायचं, "वाढ." आई गेल्यापासून हा नेम चुकलेला नाही. एकदा ताप चढला होता, तर मला द्रोण धरायला लावून स्वतः खांद्यावर हात टेकत भिंतीपर्यंत आले होते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी या घासाला मी कधी हरकत घेतली नाही. म्हाताऱ्या माणसाला दिवसाचे दोन कोपरे धरायला काहीतरी लागतं, असं मला वाटायचं. शिवाय सकाळी द्रोण रिकामा दिसला की त्यांचा चेहरा फुलायचा आणि चहा जरा हसत व्हायचा. तेवढ्यासाठी मूठभर भात गेला तर काय बिघडलं? पुष्कळ बिघडलं, पण ते मला फार उशिरा कळलं.

मी इथे कशी आले ते आधी सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. बाबा बँकेच्या नोकरीपायी खानदेशातून उज्जैनला आले आणि इथलेच झाले. नानाखेड्याच्या स्टँडमागच्या कॉलनीत त्यांनी घर बांधलं. मी एकुलती एक. शिकायला पुण्याला गेले, तिथेच नोकरी लागली, तिथेच राहिले. लग्न केलं नाही, त्याची आईला खंत होती, पण माझं स्वतंत्र घर, माझी शाळा, माझ्या मैत्रिणी, गच्चीतल्या माझ्या कुंड्या, हे सगळं बघून ती आली की खूश असायची. मग एका हिवाळ्यात ती दोन दिवसांच्या आजारात गेली.

दहाव्याला आम्ही क्षिप्रेच्या घाटावर बसलो होतो. पिंड ठेवला होता. कडुलिंबावर कावळे होते, अगदी पाहिजे तेवढे, पण एकही खाली येईना. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. बोला, शब्द द्या." मग एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. मावशी म्हणाली, तुझ्या साड्या सगळ्या पोरींना सारख्या वाटीन. मामा म्हणाला, गावच्या देवीला तुझ्या नावाने ओटी भरतो. कावळे इकडून तिकडे बघत होते. ऊन चढलं. गुरुजींना पुढचं काम होतं, ते दर्भाचा कावळा करायची तयारी करू लागले. दर्भाचा कावळा पिंडाला शिवला की विधी पुरा होतो, पण मागे राहिलेल्यांच्या मनाला ती टोचणी जन्मभर राहते. बाबा पिंडासमोर मान खाली घालून बसले होते, आणि त्यांची ती वाकलेली मान मला बघवेना.

मी म्हटलं, "आई, मी बाबांना एकटं सोडून कुठेही जाणार नाही."

आणि कावळा उतरला. सरळ पिंडावर. "शिवला, शिवला!" म्हणून सगळे उठले. मावशीने मला पोटाशी धरलं. मी काय बोलून बसले ते मात्र मला त्याच क्षणी समजलं होतं.

शब्द दिला की दिला. विज्ञान शिकवणाऱ्या बाईलाही तो मोडता येत नाही. कावळ्याला भूक लागली म्हणून तो उतरला, हे मी कुणालाही फळ्यावर समजावून सांगितलं असतं. स्वतःला सांगता आलं नाही. पुण्याचं घर सोडलं, कुंड्या मैत्रिणींना वाटल्या, इंदूरच्या एका शाळेत नोकरी धरली आणि रोज ये-जा करण्यासाठी गाडी घेतली.

ती गाडी म्हणजे माझं घर होतं, असं म्हटलं तर बाबांना वाईट वाटेल, पण खरं आहे. घरात मी बाबांची मुलगी, शाळेत मी मॅडम. मधल्या इंदूर रोडवर मी कुणीच नाही. काचा वर करून मोठ्याने गायचं, ज्यांच्याशी भांडायचं राहून गेलं त्यांच्याशी भांडायचं, कधी नुसतं गप्प राहायचं. तेवढ्यातही फोन यायचाच. "सांवेर आलं का?" बाबा विचारायचे. सांवेर म्हणजे निम्मी वाट. मी पोचेपर्यंत ते जेवत नाहीत. जेवा, म्हटलं तर म्हणायचे, "नाही बेटा, तू आरामात ये, मी बसून राहिलोय." बसून राहिलोय, या शब्दानंतर कोण आरामात येईल? वाटेत थांबून एक कप चहा प्यावा असं किती संध्याकाळी वाटलं, आणि कधीही प्यायले नाही.

तर काही वर्षांनी एका हिवाळ्यात गाडी बंद पडू लागली. आधी हॉर्न गेला. मग एक दिवा. मग एका सकाळी ती नुसती घरघरली आणि समोरच्या पट्टीवर सगळ्या लाल-पिवळ्या खुणा दिवाळीसारख्या पेटल्या. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी दुकान असलेला मेकॅनिक स्कूटरवरून आला. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि मोठ्या आनंदाने म्हणाला, "चूहे ने काटी है, मैडम!" कुरतडलेली वायर त्याने मला बोटाने वर उचलून दाखवली. तांब्याचे केस बाहेर आले होते.

ठंडी में ये लोग गरम जगह ढूँढते हैं, असं तो म्हणाला. ते मलाही पटलं. मी संध्याकाळी येते, बॉनेट तापलेलं असतं, शेजारी गाजरगवताने भरलेला रिकामा प्लॉट. आणखी काय पाहिजे उंदराला? मेकॅनिकने जर्द्याच्या पुड्या वायरींना बांधून ठेवायला सांगितल्या. तंबाखूच्या वासाने उंदीर फिरकत नाहीत म्हणे. मी बांधल्या. त्यानंतर हीटर लावला की गाडीत पानाच्या टपरीचा वास सुटायचा. नववीतल्या एका मुलीने मला वर्गात जवळून हुंगलं आणि मैत्रिणीकडे बघितलं, ते मी पाहिलं. उंदरांनी मात्र जर्दा पचवला आणि आठवड्याभरात दुसरी वायर तोडली. मग डांबराच्या गोळ्या झाल्या, मिरचीपूड झाली, रात्रभर पोर्चमध्ये दिवा जळत ठेवून झाला. गाडी मेकॅनिककडे असली की मी नानाखेड्याहून बस धरायची, परतताना उशीर व्हायचा, आणि फोनवर "सांवेर आलं का?" चार-चारदा ऐकू यायचं.

या लढाईत सगळ्यात उत्साही सैनिक होते बाबा. स्वतः रिक्षा करून ते देवास गेटच्या बाजारात गेले आणि पिंजरा घेऊन आले. चांगला जाड तारेचा, वर कडी असलेला. रोज रात्री त्यात शिळ्या पोळीचा तुकडा अडकवून ते तो गाडीखाली सरकवायचे, कंबर धरून उठायचे, हात धुवायचे आणि मग भिंतीवर आईचा द्रोण ठेवायला जायचे. पिंजऱ्यात कधी काही सापडलं नाही. शेजारी तुपा-गुळाची पंगत वाढलेली असताना शिळ्या तुकड्याला कोण विचारतो? पण हे मी आता म्हणते. तेव्हा मीही रोज सकाळी पिंजऱ्यात वाकून बघायची आणि म्हणायची, "फार हुशार झालेत मेले."

अशात पुण्याहून फोन आला. माझ्या जुन्या शाळेच्या मोठ्या बाईंचा. त्या निवृत्त होत होत्या. "तुझं नाव मी सुचवलंय," त्या म्हणाल्या, "शनिवारी समिती बसते आहे. येऊन भेट, बाकी मी बघते." मी हो म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. मग रात्रभर घाट डोळ्यांसमोर येत राहिला. मी स्वतःला सांगितलं, भेटायला जाणं म्हणजे सोडून जाणं नव्हे. नुसतं बघून येऊ. बाबांना म्हटलं, शाळेचं ट्रेनिंग आहे, दोन दिवस. ते म्हणाले, "अच्छा, अच्छा. स्वेटर घे." शुक्रवारी सकाळी इंदूरला शाळेत तोंड दाखवायचं, गाडी तिथेच ठेवायची आणि संध्याकाळच्या विमानाने पुण्याला जायचं, असं मी ठरवलं होतं.

शुक्रवारी किल्ली फिरवली. सगळ्या खुणा पेटल्या. इंजिन हूं की चूं करेना.

मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. पोर्चची जाळी बंद होती, समोर भिंत, डावीकडे भिंत, मागच्या सीटवर माझी बॅग. टॅक्सी मिळाली असती. विमान संध्याकाळचं होतं, वेळ भरपूर होता. मी टॅक्सी बोलावली नाही, मेकॅनिकला बोलावलं. नशिबानेच वाट अडवली असं वाटलं की माणसाला आतून एक लबाड सुटकाही वाटते, कारण मग ठरवायचं काही उरत नाही.

मेकॅनिक आला. या वेळी त्याने हवेच्या फिल्टरचं झाकण उघडलं, आणि "अरे बाप रे" म्हणून हात मागे घेतला. आत उंदरांचं घर होतं. सीटमधला फोम, जुन्या फडक्याची लक्तरं, आणि भरपूर पळसाची पानं. बारीक कातरलेली, द्रोणाला टोचतात त्या काड्यांसकट. मध्ये पोळीचा वाळका तुकडा, आणि गुळाचा एक खडा, मुंग्या लागलेला.

"कोई खाना डाल रहा है इनको, मैडम," मेकॅनिक म्हणाला.

मी भिंतीकडे पाहिलं. रात्रीचा द्रोण तिथे नव्हता. कधी रिकामा राहायचा, कधी द्रोणासकट गायब व्हायचा. बाबा म्हणायचे वाऱ्याने उडाला. रात्री कावळा जेवत नाही, तो अंधार पडायच्या आत झाडावर जाऊन झोपतो, हे दुसरीतलं पोरही सांगेल. मी इतकी वर्षं रोज रात्री तो द्रोण जाताना बघत होते, सकाळी रिकामा झालेला बघत होते, आणि मला एकदाही प्रश्न पडला नव्हता. राग असा आला की कानशिलं तापली.

ते सगळं घर मी दोन्ही हातांनी उचललं आणि व्हरांड्यात बाबा पेपर वाचत बसले होते, त्यांच्या पेपरावरच ठेवलं.

"हे काय?"

"तुमचे कावळे," मी म्हटलं.

त्यांना कळेना. त्यांनी चष्मा सारखा केला आणि बोटाने एक काडी उचलली.

"बाबा, कावळा रात्री खात नाही. तुम्ही रात्री ठेवता तो घास उंदीर खातात. रोज. खाऊन माझ्या गाडीत झोपतात आणि वायरी तोडतात. तुम्ही पाळलेत ते. वर पिंजरा पण तुम्हीच आणलात!"

मेकॅनिकला आमचं मराठी बऱ्यापैकी कळतं. तो एकदम बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत शिरला आणि उगाच ठोकठोक करू लागला.

"दुपारचा?" बाबांनी विचारलं. "दुपारचा तर कावळा खातो ना?"

"दुपारचा खार खाते. नाहीतर साळुंकी. या कॉलनीत कावळा मी शेवटचा कधी पाहिला मला आठवत नाही."

मी तिथे थांबायला हवं होतं. पण गाडी सुरू होत नव्हती, आणि मी सुरू झाले होते. "मला ट्रेनिंगबिनिंग काही नाही. मला पुण्याला जायचं होतं. माझ्या शाळेत बोलावलंय मला. आणि मी जाऊन तरी काय करणार होते? हो म्हणता येणार नाहीच. घाटावर शब्द देऊन बसलेय आईला. मी इथे अडकलेय, बाबा. अडकलेय मी."

"कोणता शब्द?"

"कोणता म्हणजे? दहाव्याला. कावळा शिवेना तेव्हा. तुम्हाला सोडून जाणार नाही म्हणाले मी, सगळ्यांसमोर म्हणाले, आणि कावळा उतरला."

बाबांनी उजवा कान माझ्याकडे केला. त्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. घाटावर मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. हे दोन्ही मला माहीत होतं, आणि तरी इतक्या वर्षांत मी ते कधी एकत्र मांडलं नव्हतं.

"तू बोलली होती?" ते म्हणाले. "मला नाही ऐकू आलं बेटा. मी माझंच बोलून राहिलो होतो ना तिच्याशी. मनात."

"काय?"

"म्हटलं, पोरीला अडकवून नाही ठेवणार. तेरावा झाला की परत पाठवतो. तिचं सगळं तिकडे आहे. तेवढं म्हटलं आणि सगळे ओरडले, शिवला, शिवला."

बॉनेटमधली ठोकठोकही थांबली होती. मी खाली व्हरांड्याच्या पायरीवर बसले.

"मग पाठवलं का नाही?"

"तेराव्याला तू म्हणाली, मी राहते. मला वाटलं, तुला वाटतंय राहावंसं." त्यांनी काडी पेपरावर ठेवली. "आणि मला बरं वाटलं. एकटं घर फार खायला यायचं. मग रोज रात्री तिला विचारायचो. म्हणायचो, शब्द दिलाय, याद आहे मला, पण अजून थोडे दिवस राहू दे हिला. तुझी हो असेल तर खा. सकाळी बघायचो तर साफ. म्हटलं, चला, हो म्हणाली."

त्यांनी त्या कातरलेल्या पानांकडे पाहिलं. गुळाच्या खड्यावरच्या मुंग्या आता पेपरावर पसरल्या होत्या, एखाद्या बातमीवरून चालत होत्या.

"म्हणजे ती हो म्हणालीच नव्हती," बाबा म्हणाले.

मला माझं सगळं विज्ञान परत गिळून टाकावंसं वाटलं. मी म्हटलं, तसं काही नसतं बाबा, कधीमधी कावळाही येत असेल. खोटं बोलणं मला जमत नाही, त्यांना ते लगेच कळलं. मला त्यांची दया आली, आणि त्या दयेचाच मला सगळ्यात जास्त राग आला, कारण मला इथे कावळ्याने नाही, या दयेनेच बांधून ठेवलं होतं. आणि आत्ताही तिचा पीळ घट्ट होत होता, हे मला स्पष्ट जाणवत होतं. मी म्हणाले, "राहू द्या. या वेळी नाही जात. पुढे बघू."

"पुढे नाही," बाबा म्हणाले. असा आवाज मी त्यांचा बँकेच्या दिवसांनंतर ऐकला नव्हता. "टॅक्सीला फोन लाव. गाडी तो करेल ठीक, मी उभा राहून करून घेतो. आणि तिथे हो म्हणून ये."

"आणि तुम्ही?"

"माझं मी बघेन. ते नंतरचं आहे."

मी फोन लावला. टॅक्सी दुपारी यायची ठरली. मेकॅनिक वायरींचा गुच्छा काढून घेऊन गेला, जाताना बाबांना खाली वाकून नमस्कार करून गेला, ते त्याने आधी कधी केलं नव्हतं. मी वरण-भात लावला, पोळ्या केल्या. हात करत होते, डोकं कुठेच नव्हतं. मोकळं वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. जाळी उघडली तरी आत बसून राहणारं जनावर मी कॉलनीत पाहिलेलं आहे, आणि त्याला मी मूर्ख म्हटलं होतं.

पानं घ्यायच्या आधी बाबा नेहमीसारखे स्वयंपाकघरात आले. द्रोण घेतला, भात, पोळी, तूप, गूळ. पोर्चमध्ये गाडी बॉनेट वर करून उभी होती, खाली तेलाचा डाग. ते भिंतीपाशी गेले, द्रोण ठेवला, हात जोडले. मी दारात उभी राहून बघत होते. या वेळी त्यांना फार वेळ लागला नाही.

ते वळले तेव्हा मी विचारलं, "आज काय मागितलंत?"

"मागितलं काही नाही. सांगितलं फक्त."

"काय?"

"की पोरगी चालली."

घास कोण खातं ते बघायला ते थांबले नाहीत. मागे वळूनही पाहिलं नाही. आत आले, हात धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढ. टॅक्सी येईल."